पातेरा, मासळी आणि मृगाचा पाऊस : किनाऱ्यावरील घरगुती खत

राजपुरी खाडीच्या दक्षिण तीरावर, जंजिऱ्यासमोर वसलेले दिघी हे श्रीवर्धन तालुक्यातील गाव घरगुती खताच्या बाबतीत भाग्यवान आहे, कारण खतासाठी लागणारी बहुतेक सामग्री तेथे परसातच पडलेली असते आणि तिला पैसे पडत नाहीत. आंबा-फणसाखालचा पातेरा (गळलेली सुकी पाने), माडाच्या झावळ्या, पोफळीच्या विऱ्या, नारळाची सोडणे, गोठ्यातील शेण, स्वयंपाकघरातील भाजीचे देठ आणि मासळी साफ केल्यावर उरणारा भाग या सर्वांचे खत होऊ शकते. अडचण आहे ती पावसाची. वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत रिचवणाऱ्या या पट्ट्यात, शहरातील गच्चीसाठी सांगितलेल्या खताच्या पद्धती जशाच्या तशा उचलल्या तर जुलै महिन्यात डब्यात खताऐवजी दुर्गंधीयुक्त रबडी तयार होते. म्हणूनच येथील खताचा विचार पावसापासून सुरू करावा लागतो आणि त्याची तयारी पाऊस येण्याच्या कितीतरी आधी करावी लागते.

सेंद्रिय पदार्थ कुजतो, याचा अर्थ जिवाणू, बुरशी आणि ॲक्टिनोमायसिटीस नावाचे बुरशीसारखे दिसणारे तंतुमय जिवाणू तो खातात. खाताना ते त्यातील काही कर्ब, म्हणजे कार्बन, ऊर्जेसाठी वापरून कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने हवेत सोडतात, तर नत्र, म्हणजे नायट्रोजन, आपल्या पेशी बांधण्यासाठी वापरतात. जे शेवटी उरते ते काळसर, भुसभुशीत आणि सहजी आणखी न कुजणारे द्रव्य, ज्याला ह्यूमस असे नाव आहे. या जीवांना एक भाग नत्रामागे साधारण पंचवीस ते तीस भाग कर्ब मिळाला तर त्यांचे काम उत्तम चालते. वाळलेल्या पानांत कर्बाचे प्रमाण याहून बरेच जास्त असते, तर भाजीच्या सालींत, शेणात आणि मासळीत नत्र तुलनेने जास्त असते. त्यामुळे नुसती पाने ठेवली तर ती वर्षभर तशीच राहतात, नुसता ओला कचरा ठेवला तर तो सडतो, आणि दोन्ही एकत्र केले की काम सुरू होते. कुजणे आणि सडणे यांतील फरक हवेचा आहे. हवा मिळाली की प्राणवायूवर जगणारे जीव वाढतात आणि मातीचा सुवास येतो (हा सुवास ॲक्टिनोमायसिटीस तयार करीत असलेल्या जिओस्मिन या द्रव्याचा असतो). ढिगातील पोकळ्या पाण्याने भरल्या की प्राणवायूवाचून जगणारे जीव वरचढ होतात आणि कुजक्या अंड्यासारखा वास देणारा हायड्रोजन सल्फाइड तसेच हवामान तापवणारा मिथेन तयार होऊ लागतो.

हे तत्त्व शास्त्रीय पद्धतीने बांधण्याचे मोठे काम भारतातच झाले. १९२४ साली इंदूर येथे स्थापन झालेल्या वनस्पती-उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने शेतातील काडीकचरा, शेण, गोमूत्रात भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ते ठरावीक अंतराने उलथून, सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची रीत बसवली, जी पुढे इंदूर पद्धत म्हणून जगभर गेली. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या या विषयावरील ग्रंथाचे हॉवर्ड यांच्यासोबतचे सहलेखक यशवंत वाड होते. हॉवर्ड यांचे नाव सर्वत्र घेतले जाते, वाड यांचे मात्र क्वचितच, ही खेदाची गोष्ट आहे. हॉवर्ड यांच्या रीतीत ढीग पुन्हा पुन्हा उलथण्याचे कष्ट होते. ते वाचवणारी रचना नंतर विदर्भातून आली. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी विटांच्या भिंतीत जाणूनबुजून भोके ठेवलेली टाकी सुचवली, ज्यामुळे हवा बाजूंनी आत शिरते आणि ढीग उलथावा लागत नाही. त्यांच्या नावातील अक्षरांवरून ती नाडेप या नावाने ओळखली जाते. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच ही नाडेप टाकी शेतकऱ्यासाठी आहे, एका घराच्या कचऱ्याने ती कधीच भरणार नाही. परंतु भिंतीतून हवा खेळवण्याची तिची कल्पना परसातील लहान हौदाला तंतोतंत लागू पडते.

दिघी परिसरातील मातीला अशा खताची गरज घाटमाथ्यापलीकडील काळ्या मातीहून अधिक आहे. डोंगरउतारावर जांभ्यापासून बनलेली तांबडी माती आहे. शतकानुशतकांच्या पावसाने तिच्यातील कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पालाश, म्हणजे पोटॅशियम, धुऊन नेले आहे आणि ती आम्लधर्मी झाली आहे. किनाऱ्यालगतच्या पुळणीच्या जमिनीत रेतीचा भाग मोठा असल्यामुळे वाडीला शिंपलेले पाणी झरझर खाली उतरते आणि सोबत घातलेले खतही घेऊन जाते. ह्यूमस स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवू शकतो आणि अन्नद्रव्यांचे कण आपल्या पृष्ठभागावर अडकवून ठेवतो. जांभ्याच्या मातीत आणि पुळणीत हे काम करणारी चिकणमाती कमी किंवा कमी प्रतीची असल्यामुळे ती जबाबदारी बहुतांशी सेंद्रिय द्रव्यावरच पडते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन, दिवेआगर पट्ट्यातील माड-पोफळींच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून फळावर यायला सहा-सात वर्षे लागतात, म्हणजे त्यानंतर लावलेल्या रोपांचे सुरुवातीचे पोषण हा कित्येक घरांच्या उत्पन्नाचा प्रश्न आहे.

घरगुती खताला खरा खर्च येतो तो सुक्या मालाचा. शहरात कोकोपीटच्या विटा आणि लाकडाचा भुसा विकत घ्यावा लागतो. दिघीत तो माल पायाखाली असतो, मात्र त्यातील मोठा भाग उन्हाळ्यात जाळला जातो. काही पातेरा अंगण झाडून पेटवला जातो आणि काही राबासाठी जातो. राब म्हणजे भाताची रोपे टाकण्याच्या जागेवर शेण, पाने, फांद्या आणि गवत यांचे थर पसरून ते भाजण्याची कोकणातील जुनी रीत. तिने तणाचे बी मरते आणि राखेतून पालाश मिळतो, हे तिचे गुण नाकारता येत नाहीत. परंतु जाळताना पानांतील आणि शेणातील नत्र आणि जवळजवळ सगळा कर्ब धुरासोबत निघून जातो, आणि ज्या मातीला ह्यूमसची एवढी तहान आहे तिच्या वाट्याला फक्त राख येते. गादीवाफ्यावर कुजलेले खत मिसळून रोपे वाढवण्याची शिफारस कृषिशास्त्र करते, ती याच कारणाने. संपूर्ण राब एका वर्षात सोडून देणे शेतकऱ्याला कठीण वाटेल. पण घरामागे झाडून गोळा केलेला पातेरा पेटवण्यात कोणताच लाभ नाही.

सुक्या मालातही भेद आहेत. आंबा, फणस, काजू यांची पाने चिवट असतात आणि पायाखाली चुरडून किंवा कोयत्याने तोडून घातली तर लवकर कुजतात. पोफळीची विरी, म्हणजे खोडाला वेढून असणारा पानाचा रुंद तळ, तुकडे करून घातल्यास चांगली साथ देते. झावळीचा मधला दांडा चुलीला द्यावा आणि पाती खताला घ्याव्यात. नारळाचे सोडण मात्र फार सावकाश कुजते, कारण त्यात लिग्निन हे लाकडाला कणखरपणा देणारे द्रव्य पुष्कळ असते आणि ते फोडण्याची क्षमता मुख्यतः काही बुरशींमध्ये असते. म्हणून सोडणे खतात मिसळण्यापेक्षा हौदाच्या तळाशी पालथी रचावीत, म्हणजे तेथे पाणी साचत नाही आणि खालून हवा मिळते. दोन-तीन वर्षे तीच सोडणे तळाला चालतात. काथ्या वेगळा करताना पडणारा भुसा मिळाला तर तो जादा ओल शोषून घेण्यासाठी उत्तम.

हौदासाठी सिमेंट लागत नाही. या भागातील घरांच्या आवारात बांधकामातून उरलेले जांभ्याचे चिरे बहुधा असतातच. घरापासून थोड्या अंतरावर, पाणी न साचणाऱ्या उंचवट्यावर, चिऱ्यांचा तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि तीन फूट उंच चौकोन रचावा. चिरे एकमेकांत न जोडता दोन चिऱ्यांमध्ये दोन-तीन बोटांची फट ठेवावी आणि एका बाजूचे खालचे चिरे सुटे ठेवावेत, म्हणजे तयार खत तळातून काढता येते. तीन फुटांचे माप मनमानी नाही: ढीग सुमारे एक घनमीटरच्या जवळ गेला की जीवांच्या श्वसनातून निर्माण होणारी उष्णता आत टिकते, तापमान ५५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकते आणि त्या उष्णतेने तणाचे बी व रोगजंतू मरतात. मात्र एका कुटुंबाच्या रोजच्या थोड्या थोड्या भरीने हा हौद एकदम भरत नाही, त्यामुळे तेवढी उष्णता क्वचितच साधते, आणि म्हणून बी धरलेले तण किंवा रोगट झाड त्यात टाकू नये. जागा नसलेल्या खोलीतील भाडेकरूला रंगाची वीस लिटरची जुनी बादली पुरते, जिच्या तळाला आणि बाजूंना तापवलेल्या सळईने बोटाएवढी भोके पाडलेली असतात. अशा दोन बादल्या असाव्यात, एक भरत असताना दुसरी मुरत राहते. जमिनीत खड्डा खणून कचरा पुरणे सर्वांत सोपे दिसते, पण किनाऱ्याजवळ पावसाळ्यात भूजल वर येते आणि खड्डा आतून पाण्याने भरतो, त्यामुळे ही रीत कार्तिकापासून वैशाखापर्यंतच योग्य आहे.

रोजचे काम पाच मिनिटांचे आहे, पण ते रोज व्हावे लागते. भाजी-फळांच्या साली, चहाची पत्ती, कुजकी पाने, निर्माल्यातील फुले हे सर्व बारीक करून टाकावे, त्यावर आकारमानाने दुप्पट ते तिप्पट चुरलेला पातेरा पसरावा आणि ओला कचरा डोळ्यांना दिसणार नाही इतका तो झाकावा. या एका नियमाने माशी आणि वास यांचा बहुतेक प्रश्न मिटतो, आणि नवशिक्याच्या हातून सर्वाधिक चुकतो तोही हाच नियम. सुरुवातीला शेणाचा काला किंवा जुन्या उकिरड्यातील दोन घमेली माती शिंपडली तर आवश्यक जीव लवकर येतात; आंबट ताकही चालते. बाजारात मिळणारी विरजणाची पाकिटे वाईट नसली तरी गोठा शेजारी असलेल्या गावात त्यांवर पैसा घालवण्याचे कारण नाही. आठवड्यातून एकदा काठीने किंवा फावड्याने वरचा फूटभर भाग हलवावा. ओल बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी मूठभर मिश्रण दाबावे: हाताला ओलसर लागून एखादा थेंब आला तर ठीक, धार लागली तर पातेरा वाढवावा, आणि मूठ उघडताच भुगा सुटला तर पाणी शिंपडावे.

मासळीचा प्रश्न वेगळा सांगावा लागतो, कारण घरगुती खताची बहुतेक पुस्तके तिला सरसकट मनाई करतात. कोळीवाड्याशेजारच्या गावात ती मनाई पाळली तर ओल्या कचऱ्यातील सर्वांत पोषक भाग बाहेर फेकला जातो. मासळीत नत्र आणि स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, भरपूर असतात. माशाचे खवले, आतडी, डोकी ही वाडीतील आळ्यात पुरण्याची जुनी रीत त्याच कारणाने टिकली. नवशिक्याने पहिले दोन-तीन महिने मासळी हौदात न घालता माडाच्या आळ्यात, खोडापासून चार-पाच फुटांवर, दीड फूट खोल पुरावी आणि वर चिरा ठेवावा, कारण उथळ पुरलेली मासळी कुत्री आणि कोल्हे उकरून काढतात. हौद चांगला चालू लागला, त्याच्या मध्यभागी उबदारपणा जाणवू लागला, की थोडी मासळी मध्ये खड्डा करून घालावी आणि वर किमान नऊ इंच पातेरा टाकावा. फाटक्या जाळ्याचा तुकडा वरून ताणून बांधला की कावळे आणि मांजरे दूर राहतात. कोळंबीच्या टरफलांत कायटिन हे द्रव्य असते आणि ॲक्टिनोमायसिटीस ते आवडीने फोडतात, म्हणून टरफले खताला उपकारक ठरतात. कालवे आणि तिसऱ्यांच्या शिंपा मात्र कॅल्शियम कार्बोनेटच्या असल्याने कुजत नाहीत; त्या कुटून थेट आम्लधर्मी तांबड्या मातीत मिसळल्या तर सावकाश का होईना चुन्याचे काम करतात. सुक्या बोंबलाचे किंवा सुकटीचे धुण्याचे पाणी व चुरा खतात घालू नये, कारण त्यातील मीठ साठत गेले तर झाडांच्या मुळांना अपाय होतो.

पावसाळ्याची तयारी फाल्गुनात सुरू होते. होळीपासून वैशाखाच्या अखेरीपर्यंत पातेरा सर्वाधिक गळतो आणि तो पूर्ण वाळलेला असतो. तो पोत्यांत भरून गोठ्याच्या माळ्यावर किंवा पडवीत ठेवावा. चार-पाच माणसांच्या घरातून रोज अर्धा ते एक किलो ओला कचरा निघतो, असे धरले तर चार महिन्यांसाठी दाबून भरलेली दहा-बारा पोती लागतात. मृगाचा पाऊस पडल्यानंतर कोरडे पान गावात कोठेही मिळत नाही. ज्याने हा साठा केला नाही त्याचा हौद आषाढात हमखास बिघडतो. हौदावर छप्पर आवश्यक आहे. झावळ्यांचे विणलेले झाप दोन थर देऊन घातले आणि त्यांना उतार ठेवला तर एक पावसाळा निभतो. जुना पत्रा मिळाल्यास अधिक चांगले, पण तो वाऱ्याने उडू नये म्हणून वर चिरे ठेवावेत आणि खालून हवेला वाट सोडावी. उघड्यावर भिजलेल्या ढिगातून पाण्यासोबत नत्र आणि पालाशही वाहून जातो, म्हणजे खत दिसते तसेच राहते पण त्यातील सत्त्व गटारात जाते.

नारळ-पोफळीच्या प्रदेशात खताच्या ढिगाला एक शत्रू आहे, आणि शहरासाठी लिहिलेल्या पुस्तकांत त्याचा उल्लेखही सापडत नाही. गेंड्या भुंगा, ज्याच्या डोक्यावर गेंड्यासारखे शिंग असते, माडाचा कोवळा कोंब पोखरतो; उघडलेल्या झावळीवर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी छाट दिसतात ते त्याचेच. याची मादी अंडी घालते ती मात्र शेणखताच्या ढिगात आणि कुजणाऱ्या माडाच्या खोडात. वादळात पडलेली खोडे वाडीत तशीच राहिली तर भुंग्याला आयते घर मिळते, आणि दुर्लक्षित खतहौदही तसाच उपयोगी पडतो. म्हणून दर पंधरवड्याला, विशेषतः पावसाळ्यात, हौद तळापर्यंत उलथून पाहावा. त्यात जाड, पांढरट, अर्धवर्तुळासारख्या वाकलेल्या आणि तपकिरी डोक्याच्या अळ्या दिसल्या तर त्या वेचून नष्ट कराव्यात. मेटारायझियम नावाची हिरवी बुरशी ढिगात मिसळली तर ती या अळ्यांना रोगी करून मारते. याउलट चपट्या, करड्या, वळवळणाऱ्या आणि झुंडीने ओला कचरा खाणाऱ्या अळ्या दिसल्या तर घाबरू नये. त्या सैनिक माशीच्या असतात, त्या माडाला काहीही करीत नाहीत आणि खताचा वेग वाढवतात. ढिगात हात घालण्यापूर्वी काठीने ठोकून पाहण्याची सवय मात्र लावून घ्यावी, कारण उबेला साप येतात.

उन्हाळ्यात तीन महिन्यांत आणि पावसाळ्यात चार-पाच महिन्यांत खत तयार होते. ते काळे-तपकिरी दिसते, मूळ पदार्थ ओळखू येत नाही आणि हाताला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येतो. अमोनियाचा, म्हणजे गोठ्यातील मूत्रासारखा उग्र वास येत असेल तर नत्र जास्त झाले आहे, पातेरा घालावा आणि थांबावे. शंका राहिल्यास एका भांड्यात खत आणि माती निम्मी-निम्मी घेऊन मेथी पेरावी. चार-पाच दिवसांत ती जोमाने उगवली तर खत पक्के, कोंब पिवळे पडून जळाले तर ते अजून मुरायचे आहे. कच्चे खत मुळाशी घातले तर कुजण्यासाठी ते मातीतील नत्र ओढून घेते आणि झाड उलट उपाशी राहते.

या सर्व खटाटोपातून किती खत मिळते, हे मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे. एका घराच्या वर्षभराच्या ओल्या कचऱ्यातून आणि त्याला लागणाऱ्या पातेऱ्यातून साधारण शंभर ते दीडशे किलो खत निघते. मोठ्या माडाला वर्षाला ५० किलो आणि पोफळीला सुमारे १२ किलो कंपोस्ट देण्याची शिफारस आहे, म्हणजे घरच्या खतात दोन-तीन माड किंवा आठ ते बारा पोफळी भागतात. वाडी त्यावर चालणार नाही, तिला गोठ्याचे शेणखत लागणारच. पण परसातील अळू, मिरची, पडवळ, केळी आणि नव्याने लावलेली पोफळीची रोपे त्यावर निश्चित पोसता येतात. २०२४ साली केंद्र सरकारने मंजूर केलेल्या बारा औद्योगिक शहरांच्या यादीत दिघीचे नाव आहे. वस्ती वाढेल तसा कचरा वाढेल, आणि ओला कचरा जागच्या जागी जिरवणाऱ्या घराला पंचायतीच्या गाडीची वाट पाहावी लागणार नाही. ज्याला हे काम करून पाहायचे असेल त्याने हौद, बादली, विरजण यांचा विचार नंतर करावा. येत्या होळीनंतर अंगणातील पातेरा पेटवण्याआधी त्यातील दहा पोती भरून पडवीत ठेवावीत.